स्पार्कची ‘ले मान्स विजेते’ मालिका, १:४३: मुंबईच्या घरात ठेवायची तर

मुंबईत राहून जुन्या एंड्युरन्स रेसिंग (तासन्तास चालणाऱ्या शर्यतींच्या) गाड्यांची मॉडेल्स जमवायची असतील, तर स्पार्क या मॉडेल कंपनीची १:४३ मधली (खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या भागाएवढी) ‘ले मान्स विजेते’ मालिका, म्हणजे फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या गाड्यांची मॉडेल्स, ही आजच्या घडीला सगळ्यात शहाणपणाची खरेदी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. दारं-बॉनेट उघडणाऱ्या १:१८ च्या मोठ्या गाड्या दुकानात जास्त भुरळ घालतात. पण दोन खोल्यांच्या घरातली जागा, जून ते सप्टेंबरची ओल आणि बाहेरून मागवताना भरावा लागणारा कर हे तिन्ही हिशेबात धरले की पारडं १:४३ कडे झुकतं. मालिकेला उणिवा आहेत. काही पहिल्या दिवशी नुसत्या डोळ्यांनी दिसतात, काही दोन पावसाळ्यांनंतर दिसायला लागतात.

मालिकेची रचना सोपी आहे. सांकेतिक क्रमांकातच वर्ष असतं: ४३एलएम७० म्हणजे १९७० ची विजेती, ४३एलएम८८ म्हणजे १९८८ ची, ४३एलएम९१ म्हणजे १९९१ ची. गाडी रेझिनची (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची), बंद बॉडीची. दार उघडत नाही, चाक वळत नाही. खालच्या बेसवर गाडी, शर्यत आणि ड्रायव्हरांची नावं छापलेली, वर पारदर्शक झाकण, आणि गाडी बेसला खालून स्क्रूंनी आवळलेली. पोर्श ९५६ सारखी पावणेपाच मीटरची गाडी या मापात ११ सेंटीमीटरची होते. फोर्ड जीटी४० ची उंची मुळात ४० इंच, म्हणजे जेमतेम एक मीटर. मॉडेलमध्ये ती २४ मिलिमीटरही भरत नाही. एवढ्याशा उंचीत काच, आरसे, वायपर आणि आतलं स्टिअरिंग बसवलेलं असतं. या मालिकेचं कौतुक करायचं ते इथे.

या छंदात नुसतं ‘पोर्श ९१७’ म्हणून भागत नाही. शर्यत, वर्ष आणि क्रमांक सांगितल्याशिवाय ती कुठली गाडी हे ठरत नाही, कारण रेसिंग गाडीचं रूप दर शर्यतीला बदलत असे. ९१७ चंच बघा. १९६९ मध्ये ती लांब शेपटीची आणि सरळ रस्त्यावरही भरकटणारी होती. त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या झेल्टवेगच्या चाचणीत जॉन वायर यांच्या संघाचे इंजिनिअर जॉन हॉर्समन यांच्या लक्षात आलं, की गाडीच्या पुढच्या भागावर चिलटं चिरडलेली आहेत, पण शेपटीवर एकही नाही. हवा शेपटीला चिकटतच नव्हती. तिथल्या तिथे अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून शेपटी आखूड आणि वर उचललेली केली, आणि त्यातून ९१७के तयार झाली. मॉडेल विकत घेताना म्हणूनच नजर आधी शेपटीवर जायला हवी. ४३एलएम७० ही पोर्श साल्झबुर्ग संघाची लाल-पांढरी २३ नंबरची गाडी आहे: हान्स हेरमान आणि रिचर्ड अॅटवुड, साडेचार लिटरचं इंजिन, चार गिअर, बहुतेक शर्यत पावसात, आणि शेवटी क्रमवारीत फक्त सात गाड्या उरलेल्या. पोर्शचा ले मान्समधला हा पहिला एकूण विजय. शेपटीवर उभे पंख नाहीत. पुढच्या वर्षीची विजेती, ४३एलएम७१, म्हणजे हेल्मुट मार्को आणि गिज व्हान लेनेप यांची पांढरी मार्टिनी गाडी, नंबर २२. तिच्या शेपटीवर दोन्ही बाजूंना उभे पंख आहेत. तिने २४ तासांत ५,३३५ किलोमीटर अंतर कापलं आणि तो विक्रम २०१० पर्यंत टिकला. स्वस्त मॉडेलांत एकाच साच्यातून दोन्ही वर्षांच्या गाड्या काढून फक्त रंग बदलण्याची पद्धत जुनी आहे. दोन्ही वर्षांच्या गाड्या शेजारी ठेवा, शेपट्या एकसारख्या दिसल्या तर हात आखडता घ्या. स्पार्कमध्ये त्या वेगळ्या आहेत आणि वरच्या उताराचा बाकही वेगळा आहे.

ही तुलना आणखी मनापासून करावीशी वाटते ती जीटी४० च्या जोडीवर. १९६८ ची ९ नंबरची विजेती (पेद्रो रोद्रिगेस आणि लुसिएन बिआंकी) आणि १९६९ ची ६ नंबरची विजेती (जॅकी इक्स आणि जॅकी ऑलिव्हर) ही प्रत्यक्षात एकच गाडी, चासी क्रमांक १०७५. एकच सांगाडा लागोपाठ दोन वर्षं २४ तास पळून जिंकला. दुसऱ्या वर्षी तर हेरमानच्या पोर्श ९०८ वर आघाडी होती सुमारे १२० मीटरची. ही दोन मॉडेल्स एकत्र घ्यावीत, कारण गल्फ या प्रायोजक तेल कंपनीच्या फिक्या निळ्या रंगाची खरी परीक्षा त्यांच्यातच होते. निळा थोडा हिरवट गेला किंवा नारिंगी पट्टा लालसर झाला की गाडी परकी वाटते. वेगवेगळ्या वर्षी निघालेल्या आवृत्त्यांत छटेचा फरक पडू शकतो, म्हणून जोडी एकाच वेळी, शक्य तर एकाच दुकानातून, दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून घ्यावी. ट्यूबलाइटखाली गल्फ निळा रंग निवडू नये. तो हमखास फसवतो.

माझदा ७८७बी (४३एलएम९१) ही मालिकेतली सगळ्यात देखणी आणि बनवायला सगळ्यात अवघड गाडी. इंजिन पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं: ६५४ सीसीचा एक, असे चार रोटर, मिळून २,६१६ सीसी. १९९१ मध्ये फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बर्ट्रां गाशो यांनी ३६२ फेऱ्या मारून जपानी कंपनीला ले मान्सचा पहिला विजय मिळवून दिला. पुढचा जपानी विजय टोयोटाचा, तो थेट २०१८ मध्ये. ५५ नंबरच्या या गाडीची नारिंगी-हिरवी रंगसंगती चौकटींच्या नक्षीने जोडलेली आहे, आणि ती नक्षी वळणावळणाच्या पृष्ठभागावर जुळवायची म्हणजे डिकॅल (छापील पातळ चित्रपट्टी) लावणाऱ्याची कसोटी. घेताना एक गोष्ट पाहा: गाडी डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि पुढच्या चाकाच्या कमानीवर हिरव्या-नारिंगीच्या सीमेची पांढरी रेघ कमानीच्या आत वळून जाते का ते बघा. चांगल्या नगात ती सलग आत जाते. ढिसाळ नगात ती कडेपाशी कापलेली असते किंवा तिथे केसाएवढी फट राहिलेली असते. हाच दोष मोठ्या मापात लगेच दिसतो. १:४३ मध्ये भिंग लागतं, आणि दागिने पाहायचं दहापट भिंग खिशात असेल तर दुकानदारासमोर संकोच न करता काढावं.

जग्वार एक्सजेआर-९एलएम (४३एलएम८८) आणि रॉथमन्सची पोर्श ९५६ (४३एलएम८२) यांच्या बाबतीत एक वेगळाच प्रश्न येतो. दोघींचे प्रायोजक सिगारेट कंपन्या. तंबाखूच्या जाहिरातींवरच्या बंधनांमुळे मॉडेल बनवणाऱ्या कंपन्या ही नावं बऱ्याचदा छापतच नाहीत; मग जांभळ्या-पांढऱ्या जग्वारच्या कुशीवर नुसता कोरा पट्टा उरतो. यॉन लामर्स, जॉनी डम्फ्रीस आणि अँडी वॉलेस यांची ही सात लिटर व्ही-१२ गाडी शेवटच्या तासांत गिअरबॉक्स दगावू नये म्हणून चौथ्या गिअरमध्येच हाकली होती, आणि पोर्शच्या ९६२सी ला त्याच फेरीत मागे ठेवून जिंकली. अशा गाडीवर नाव नसणं डोळ्यांना खुपतं. हरवलेल्या नावांचे पाण्याने लावायचे डिकॅल वेगळे विकत मिळतात, पण तयार मॉडेलवर ते लावणं कौशल्याचं काम आहे: पृष्ठभागावर बोटांचा तेलकटपणा राहिला तर डिकॅलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी छटा दिसते. आधी सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या काडीने जागा पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायची. मग डिकॅल बसवणारं द्रव लावून डिकॅल सरकवायचा, कापसाच्या काडीने मधून कडेकडे पाणी काढायचं, आणि शेवटी मऊ करणारं द्रव अगदी थोडं. ते द्रव लावल्यावर डिकॅलला सुरकुत्या पडतात; त्या आपोआप बसतात, बोट लावलं की फाटतो. पावसाळ्यात हे काम करू नये.

आता रेझिन कशासाठी, हा प्रश्न. डायकास्टमध्ये जस्ताचा मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरतात. साचा महाग असतो, म्हणून हजारो नग काढावे लागतात, आणि धातूची भिंत ठरावीक जाडीपेक्षा पातळ करता येत नाही. रेझिनचे साचे रबराचे असतात; ते थोड्याच नगांनंतर झिजतात, पण स्वस्त असतात. त्यामुळे कमी संख्येत, एकेका शर्यतीची नेमकी आवृत्ती काढणं परवडतं. विजेत्यांखेरीज मधल्याच कुठे तरी बंद पडलेल्या गाड्याही स्पार्क काढू शकते, ती याच कारणाने. शिवाय रेझिनवर पॅनेलच्या रेघा बारीक येतात. खऱ्या गाडीतली चार मिलिमीटरची फट १:४३ मध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी होते, आणि रंगाचा थर दशांश मिलिमीटरचा झाला तरी तो खऱ्या गाडीवर चार मिलिमीटर जाड लेप दिल्यासारखा. म्हणून रंग पातळ असणं हे चांगल्या १:४३ चं पहिलं लक्षण. दाराची रेघ रंगाने भरून गेलेली दिसली तर तो नग परत ठेवा.

इतर पर्याय थोडक्यात. इक्सोच्या १:४३ डायकास्ट विजेत्या गाड्या स्वस्त आणि दणकट. वायपर जाड, आरसे जाड, पण घरात लहान मूल असेल तर त्याच घ्या. नोरेव्हची १:१८ सौबर सी९ किमतीच्या मानाने फार चांगली, फक्त आतला भाग साधा. ऑटोआर्टची १:१८ ७८७बी उघडून इंजिन बघायचा आनंद देते. पुढे ऑटोआर्टने धातूच्या सांगाड्यावर प्लॅस्टिकची बॉडी घ्यायला सुरुवात केली, त्यावर संग्राहक नाराज झाले. मुंबईच्या हवेत मात्र ती बॉडी धातूपेक्षा जास्त टिकाऊ ठरते, असं मला ठामपणे वाटतं. सीएमसीची १:१८ फेरारी २५० जीटीओ ही कारागिरीची कमाल आहे, पण तारा, चामडं, कापड, बारीक स्क्रू असं सगळं तिच्यात असल्याने वातानुकूलित खोली नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. स्वतः बनवायची हौस असेल तर तामिया (७८७बी, सौबर सी९) आणि हासेगावा (एक्सजेआर-९) यांचे १:२४ किट आहेत. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर फवारला तर हवेतली वाफ ओल्या थरावर जमते आणि रंग दुधाळ होतो.

जागेचा हिशेब मांडू. ६० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर खोल फळी धरा. १:१८ ची ग्रुप सी (९५६, ७८७बी यांच्या वर्गातली) गाडी साडेसव्वीस सेंटीमीटर लांब आणि ११ सेंटीमीटर रुंद. नाक पुढे करून मोकळेपणाने चार मावतात. १:४३ ची गाडी साडेचार-पावणेपाच सेंटीमीटर रुंद. झाकणं काढून, मागची रांग ५ सेंटीमीटरच्या पायरीवर ठेवली तर दोन रांगांत सोळा बसतात. झाकणांसकट ठेवल्यास जागा जास्त लागते. माझा सल्ला असा: कपाटाला काचेचं दार असेल आणि दाराच्या फटी बंद केलेल्या असतील तरच झाकणं काढा.

त्या फटींचं महत्त्व आकड्यांतून कळतं. तीस अंश तापमानाला पूर्ण ओलसर हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं. सुमारे ३०० लिटरच्या उभ्या काचेच्या कपाटातली हवा ८५ टक्के आर्द्रतेवरून ५० टक्क्यांवर आणायला जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅम पाणी शोषावं लागतं. म्हणजे मूठभर सिलिका जेल पुरायला हवं. तरीही लोकांचं जेल आठवड्यात गळपटतं, कारण ते कपाटातली हवा कोरडी करत नसून दाराच्या फटीतून येणारी खोलीतली हवा कोरडी करत बसलेलं असतं. आधी दाराच्या चारही कडांना पारदर्शक सिलिकॉनची किंवा लोकरीची पट्टी चिकटवा, मागच्या वायरीचं भोक बुजवा, आणि मग अर्धा किलो जेल जाळीच्या पिशव्यांत भरून तळाला आणि मधल्या फळीवर ठेवा. प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे विचारा. निळं नको, त्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं, नारिंगी घ्या. रंग उतरला की स्टीलच्या ताटात पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, आणि बंद डब्यात थंड करा, नाहीतर थंड होता होताच ते पुन्हा ओल खेचतं. आत एक छोटा आर्द्रतामापक हवाच. काटा ४५ ते ५५ च्या मध्ये राहिला की निश्चिंत.

रेझिनच्या बॉडीला ओलीचा फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो तिच्यावर चिकटवलेल्या गोष्टींना. आरसे, वायपर, बॉनेटच्या पिना, मागच्या विंगच्या टोकांच्या पट्ट्या हे सगळं पातळ पत्र्यातून आम्लाने कोरून काढलेलं असतं आणि सुपरग्लूने लावलेलं असतं. हा गोंद कालांतराने ठिसूळ होतो. मग गाडी नुसती उचलली तरी आरसा तळाशी पडलेला सापडतो. सगळ्या रेझिन मॉडेलांत हे होतं, त्यामुळे दुरुस्ती शिकून घेणं भाग आहे. सगळ्यात मोठी चूक म्हणजे फेविक्विकची नळी थेट लावणं: त्याची वाफ हवेतल्या ओलीशी संयोग पावून आजूबाजूच्या काचेवर आणि गडद रंगावर पांढरी धूसर साय धरते, आणि मुंबईच्या हवेत ती आणखी जोरात धरते. काचेवरची ती साय पुसून जात नाही. त्याऐवजी असं करा. पडलेला भाग पांढऱ्या कागदावर घ्या. टूथपिकच्या टोकाने जुन्या गोंदाचा खवला बॉडीवरून हलकेच उचका. धारदार पातं वापरू नका, रंगाची पापडी निघते. दुसऱ्या टूथपिकच्या टोकाला चिकटमातीचा मोहरीएवढा गोळा लावून त्यावर आरसा उचला आणि कोरडाच जागेवर धरून बघा. बसला, तर पाच मिनिटांत जमणारं अॅराल्डाइट दोन्ही नळ्यांतून सारखं घेऊन कालवा, टाचणीच्या टोकावर येईल एवढाच थेंब आरशाच्या पायाला लावा, बसवा आणि कमी चिकटीच्या मास्किंग टेपच्या पट्टीने टेकू द्या. पाच मिनिटांत पकडतं, पण पूर्ण कडक व्हायला रात्रभर द्या. काचेला लागून असलेल्या भागांसाठी पांढरा पीव्हीए गोंद बरा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चुकला तर ओल्या काडीने निघतो.

टायरांचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. मऊ टायरमधलं प्लॅस्टिसायझर (टायर लवचीक ठेवणारं रसायन) हळूहळू बाहेर झिरपतं आणि ज्या प्लॅस्टिकवर टायर टेकला आहे ते मऊ करतं. बेसवर चार चमकदार डाग पडतात, टायर तिथे चिकटतो, आणि उचलताना त्याचा तळ बेसवरच राहतो. उष्णतेने हे लवकर होतं; वजन आणि बंद झाकण त्यात भर घालतं. उपाय पाच मिनिटांचा आहे. बेस उलटा करून स्क्रू सैल करा, एक हात गाडीखाली ठेवून. ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी येणाऱ्या पॉलिएस्टरच्या पारदर्शक शीटचे टायरहून किंचित मोठे चार तुकडे कापून टायरखाली सरकवा. शक्य असेल तर सांगाडा आणि बेस यांच्यामध्ये अर्धा-एक मिलिमीटरचे वॉशर घाला, म्हणजे गाडीचं वजन टायरवर न येता स्क्रूवर येईल. मात्र टायर हवेत लटकलेला दिसेल इतकं वर उचलू नका. परत आवळताना स्क्रू आधी उलटा फिरवा. टक् करून तो जुन्या आट्यात पडला की मगच सुलटा फिरवा, आणि हाताला विरोध जाणवला की थांबा. रेझिनमध्ये नवे आटे पाडले की पुढच्या वेळी स्क्रू धरत नाही. जोर जास्त झाला तर बॉडीला आतून तडा जातो.

धुळीसाठी कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर आणि मेकअपचा सर्वांत मऊ ब्रश, तोही काचेकडून शेपटीकडे. मायक्रोफायबरचं कापड वायपरात अडकतं आणि वायपर घेऊन येतं. हवेचे दाबलेले कॅन थंड द्रव फवारतात, ते टाळा. पश्चिमेकडच्या खिडकीसमोर कपाट ठेवू नका: उन्हाने पांढरे डिकॅल पिवळे पडतात, आणि तापलेल्या रेझिनची पातळ विंग मधून खाली झुकते. मे महिन्यात पार्क केलेल्या बंद मोटारीत मॉडेलची पिशवी ठेवली तरी तेच. झुकलेली विंग हेअरड्रायरच्या कोमट झोताने, हातभर लांबून, हळूहळू मऊ करून सरळ करता येते. सरळ धरूनच थंड होऊ द्या. सोडली की पुन्हा वाकते.

खरेदीबद्दल. मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानांत बुरागो, मायस्टो आणि हॉटव्हील्स मिळतात. स्पार्क तिथे शोधू नका. इथे ती बहुतेक वेळा आयात करणाऱ्या छोट्या विक्रेत्यांकडे आगाऊ नोंदणीने येते, नाहीतर स्वतः बाहेरून मागवावी लागते. टपालाने आलेलं पार्सल बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरातून, कुरिअरने आलेलं सहारहून सुटतं. खेळणी या शीर्षकाखालचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. ते मॉडेलच्या किमतीबरोबर वाहतुकीच्या खर्चावरही लागतं, आणि त्यावर पुन्हा जीएसटी. युरोपात सत्तर-ऐंशी युरोंच्या घरात असलेली गाडी खेळणी म्हणून मोजली गेली, तर हातात पडेपर्यंत दुपटीच्या जवळ जाऊ शकते. म्हणून इथल्या विक्रेत्याची किंमत महाग ठरवण्याआधी त्या दिवशीचा दर धरून बेरीज करा. बहुतेक वेळा फरक फार उरत नाही, आणि समोर बघून घेता येतं हा फायदा मोठा आहे.

समोर बघताना डबी हलवू नका. एका बाजूला सावकाश कलवा आणि कान द्या. आत काही सरकल्याचा आवाज आला तर तुकडा सुटलेला आहे. चारही चाकं बेसवर टेकली आहेत का, मागची विंग मागून पाहिल्यास बेसला समांतर आहे का, काचेच्या कडेला पांढरी साय आहे का, डाव्या-उजव्या दारांवरचे नंबरचे गोल सारख्या उंचीवर आहेत का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुनी डायकास्ट मिळतात आणि तिथे भटकण्यात मौज आहे, पण एक जपा: जस्ताच्या जुन्या ओतकामात शिसं मिसळलेलं असेल तर धातू आतूनच भेगाळतो. ओल हे काम वेगाने करते. रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा किंवा वाकलेला सांगाडा दिसला तर कितीही दुर्मिळ असो, सोडून द्या. त्यावर इलाज नाही.

मालिकेतली पहिली गाडी म्हणून मी ४३एलएम७० सुचवीन. सिगारेटचं नाव नाही, त्यामुळे कोरे पट्टे नाहीत; लाल रंगात दोष लपत नाहीत, त्यामुळे नग पारखायला सोपा; आणि शेपटीला उंच विंग नाही, म्हणजे वाकायला फारसं काही नाही. त्यानंतर जीटी४० ची जोडी, आणि ७८७बी तिसऱ्या टप्प्यावर. जग्वार घ्यायची तर नावासकट छापलेला नग मिळेपर्यंत थांबा. मागणी ऑक्टोबरनंतर नोंदवा, म्हणजे पार्सल भर पावसात गोदामात पडून राहणार नाही. आणि घरी आल्यावर बाहेरचं पुठ्ठ्याचं वेष्टन टाकून देऊ नका, पण आतला फोम काढून टाका. दमट हवेत काही वर्षांनी तो फोम चिकट होऊन विरघळतो आणि रंगावर असा बसतो की डिकॅलसकटच निघतो.